ड्रमची पाने आणि मागचे बाक



आज एका साध्या गोष्टीवर लिहीत आहोत: ड्रमच्या पानांवर. आमच्या गायनवृंदाकडे पाच ड्रमचा एक स्वस्त संच आहे. त्याची पाने झिजली, मधोमध खड्डे पडले आणि आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येऊ लागला. बैठकीत लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणाला, हा संच विका आणि मोठ्या कंपनीचा नवा घ्या. दुसरा म्हणाला, विका आणि पुन्हा घेऊच नका, मिस्सेत ड्रम हवेत कशाला? वाजवणारा मुलगा कोपऱ्यात बसून दोन्ही बाजू ऐकत होता. पुढचे दोन रविवार तो आला नाही.

आमचे मत या दोन्हींहून वेगळे आहे. संच ठेवावा, पाने बदलावीत, आणि ती निवडताना कान मागच्या बाकावर ठेवावा.

हे शहाणपण आम्हाला चुकून आले. पहिल्या वेळी आम्ही दुकानात जाऊन जी पारदर्शक, पातळ पाने सर्वांत खणखणीत वाजली तीच उचलली. दुकानात छान वाटले. चर्चमध्ये फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या. तिथे प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येऊ लागला. मिस्सा संपल्यावर एक आजी म्हणाल्या, "बाबांनो, वाजवलंत चांगलं, पण गाणं कुठलं होतं ते कळलं नाही." त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी ते अगदी सहज विचारले, म्हणून जास्त लागले.

चर्चची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पूजाविधीविषयीचे संविधान दिले. त्यात पाईप ऑर्गनला मानाचे स्थान आहेच. पण जी इतर वाद्ये पवित्र कार्याला साजेशी आहेत, मंदिराचा मान राखतात आणि भाविकांची श्रद्धा वाढवतात, त्यांना योग्य अधिकाऱ्यांच्या संमतीने दार उघडे ठेवले आहे. पुढे १९६७ च्या 'मुसिकाम साक्राम' या सूचनापत्राने वाद्यांचे काम सांगितले: आवाजाला आधार देणे. शब्द ऐकू येणार नाहीत इतके वाद्य मोठे होता कामा नये. म्हणजे आजींचा प्रश्न आणि रोमचे पत्र एकच गोष्ट सांगत होते.

काहीजण म्हणतात, ड्रम परके, आपले वाद्य घुमट. घुमट आपले आहे यात शंकाच नाही. सर्वणच्या आसपास चवथीत घुमटआरती सुरू झाली की आमचेही पाय थांबतात, आणि तेच घुमट ख्रिस्ती घरांत मांडोला साथ करते. २०१९ मध्ये गोवा सरकारने त्याला वारसा वाद्याचा दर्जा दिला. पण त्याच घुमटाची गोष्ट नीट पाहा. त्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे चढवीत. घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण मिळाले, आणि आता बकऱ्याचे कातडे वापरतात. कातडे बदलले, घुमट राहिले. ड्रमचेही तसेच. एकेकाळी त्यावर वासराचे कातडे असे आणि दमट हवेत ते सैल पडे. १९५० च्या दशकात अमेरिकेत पॉलिएस्टरची पाने निघाली. आपल्या पावसाळ्यात त्यांचा मोठा उपकार आहे, कारण ती ओल शोषत नाहीत. पान हा बदलण्याचाच भाग आहे. ते झिजले म्हणून वाद्य टाकून देत नाहीत.

आता ज्या मंडळींपुढे हाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी थोडे कामाचे.

पाच ड्रमना वरची-खालची मिळून दहा पाने लागतात. सगळी एकदम घेण्याची गरज नाही. काठीचा मार वरची पाने खातात. खालची फाटली किंवा ढिली झाली नसतील तर राहू द्यावीत. सुरुवात स्नेअरपासून करावी, कारण तो सर्वांत जास्त वाजतो. मग पायाचा मोठा ड्रम, मग बाकीचे.

पानाची जाडी मिलमध्ये मोजतात; एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. स्नेअरवर १० मिलचे, पांढरा खरखरीत थर दिलेले एकपदरी पान ठेवावे. टॉमवर ७-७ मिलचे दोन पदर असलेले थरवाले पान घ्यावे. त्याचा नाद लवकर विरतो, आवाज गोल येतो आणि ते टिकते. मोठ्या ड्रमला कडेशी नाद दाबणारी पट्टी असलेले पान मिळते; नाहीतर आत एक जुनी उशी ठेवावी. स्नेअरच्या खालचे पान मात्र फार पातळ, साधारण ३ मिलचे असते. तिथे वरचे पान लावले तर तारा बोलतच नाहीत.

माप घेताना लोखंडी कडे मोजू नये, लाकडी खोडाचा व्यास मोजावा. पान चढवताना सगळे बोल्ट आधी बोटांनी घट्ट करावेत, मग चावीने समोरासमोरचे बोल्ट अर्धा-अर्धा फेरा आवळावेत. प्रत्येक बोल्टजवळ हलकेच टिचकी मारून सगळीकडे एकच सूर येतो का ते पाहावे. एका बाजूने ओढलेले पान कितीही महाग असो, बेसूरच बोलणार. मंडळीचेही असेच आहे, हे आम्हाला चावी हातात असताना जाणवले.

शेवटी एकाने वाजवावे आणि दुसऱ्याने मागच्या बाकावर बसून गावे. स्वतःचे शब्द स्वतःला ऐकू आले तर पान बरोबर.

राहिला पैशाचा प्रश्न. अरवनाने खळे आणि बैल फुकट देऊ केले तेव्हा दावीद राजाने ते घेतले नाहीत. ज्याची किंमत मोजली नाही ते देवाला वाहणार नाही, असे म्हणून त्याने पन्नास शेकेल रुपे मोजले. हा दाखला नव्या संचाच्या बाजूने बैठकीत दिला गेला. आम्ही तो वेगळा वाचतो. दावीदाने सर्वांत महागडे खळे शोधले नाही. जे समोर होते त्याची रास्त किंमत स्वतः दिली. आमच्यासाठी ती किंमत म्हणजे चार चांगली पाने, आणि दर महिन्याला सूर लावण्यात घालवलेला एक शनिवार. पैसा एकदा देऊन मोकळे होता येते, शनिवार पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.

आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. नवी पाने त्यानेच चढवावीत अशी विनंती केली आणि चावी त्याच्याकडे दिली. त्याने जुनी पाने काढली तेव्हा खोडाच्या कडेवर कित्येक वर्षांची धूळ होती. ती त्याने आपल्या रुमालाने पुसली. नवा संच आणला असता तर हे आम्हाला दिसले नसते.

तुमच्याही चर्चमध्ये एखादे वाद्य कोपऱ्यात पडून असेल आणि एखादे मूल येईनासे झाले असेल. आधी मुलाकडे जा, मग दुकानात जा.

हे प्रभो, आमचे ठोके आमच्या शेजाऱ्याच्या गाण्याहून मोठे होऊ देऊ नकोस. आमेन.