यंत्र आणि तंत्र : एका दांड्यात पाच कामे

ज्या घरात दिवाळीच्या करंज्या अजून घरीच होतात, त्या घरात आजचे यंत्र समजावून सांगणे सोपे आहे. चौघीजणी गोल करून बसलेल्या असतात. एक पारी लाटते, दुसरी सारण भरते, तिसरी दुमडून कड दाबते, चौथी कातण्याने कड कापून करंजी ओल्या फडक्याखाली झाकते. कुणी कुणासाठी थांबत नाही, आणि बघता बघता ताट भरते. आता या चौघींच्या जागी पोलादी साचे बसवा, मध्ये एक फिरती तबकडी ठेवा आणि सगळे काम एकाच दांड्याने होईल अशी सोय करा. झाला 'प्रोग्रेसिव्ह प्रेस' तयार! फरक इतकाच, की यात सारण म्हणून बंदुकीची दारू असते.

अमेरिकेत हे यंत्र घराघरांत नसले तरी हजारो घरांच्या मोटारखान्यांत, कामाच्या मेजाला घट्ट आवळलेले आढळते. नेमबाजीचा शौक असलेला गृहस्थ रविवारी झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करून आणतो, धुऊनपुसून लखलखीत करतो आणि पुन्हा भरतो. काडतुसाचे भाग चारच : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारी स्फोटक टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. टोपी, दारू आणि गोळी एकदाच कामी येतात. पुंगळी मात्र बऱ्याच वेळा वापरता येते. काटकसर आपल्याकडेच असते असे समजणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे हा उद्योग घरी करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. १९५९ च्या शस्त्रास्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे, पण ते काम सरकारी आणि कडेकोट बंदोबस्तातले. तेव्हा वाचकांनी हा लेख हात शिवशिवण्यासाठी नव्हे, तर यंत्र बिघडते कसे आणि माणूस त्याला ताळ्यावर कसा आणतो, हे पाहण्यासाठी वाचावा.

पूर्वी सर्वांकडे साधा प्रेस असे. कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन याने १९४३ साली आपला उद्योग सुरू केला, तो असल्याच अवजारांचा. साधा प्रेस एका वेळी एकच काम करी. शंभर पुंगळ्या आधी दाबून घ्यायच्या, मग साचा बदलायचा, मग पुन्हा त्याच शंभर. पण पुढे चपळाईच्या नेमबाजीचे सामने वाढले. १९७६ साली मिसुरी राज्यातील कोलंबिया येथे त्यांची आंतरराष्ट्रीय संघटनाच स्थापन झाली. आठवड्याला शेकडो काडतुसे उडवणाऱ्याला साधा प्रेस पुरेना. माइक डिलन या विमानचालकाने नेमकी ही गरज ओळखली आणि घरगुती माणसाला परवडेल असे प्रोग्रेसिव्ह यंत्र काढून मोठा व्यवसाय उभा केला. दांडा खाली ओढला की तबकडी वर चढते आणि तिच्यावरच्या सर्व पुंगळ्या एकाच वेळी आपापल्या साच्यात शिरतात. पहिल्या घरात पुंगळी दाबून मापात येते आणि जुनी टोपी गळून पडते. दांडा परतताना नवी टोपी बसते. पुढच्या घरात तोंड किंचित फाकते आणि दारू पडते. मग दारूची तपासणी, मग गोळी बसणे, आणि शेवटी गोळीभोवती तोंड आवळले जाणे. तबकडी एक घर पुढे सरकते. दर ओढीला एक काडतूस तयार! तासाला चारशे-पाचशे सहज होतात.

आता खरी मेख येथे आहे. करंजी तेलात फुटते तेव्हा तळणारीचा दोष क्वचितच असतो. पारी जाड राहिलेली असते किंवा कड नीट दाबलेली नसते. या यंत्राचेही तसेच आहे. बिघाड दिसतो एका घरात आणि जन्मलेला असतो दुसऱ्याच घरात.

एक नेहमीची तक्रार घ्या. तबकडी फिरताना अडखळते. नवशिका लगेच फिरवणाऱ्या खटक्याचे स्क्रू पिळू लागतो. वास्तविक खटका निर्दोष असतो. टोपी पूर्ण आत न बसता केसभर वर राहिलेली असते आणि ती तबकडीखालच्या पत्र्याला घासते. टोपी वर का राहिली? कारण टोपी बसवणाऱ्या दट्ट्याखाली दारूचे चार कण अडकले आहेत. दारू तेथे आली कशी? तबकडीचा मधला बोल्ट फाजील आवळलेला आहे. त्यामुळे ती सुळकन न फिरता झटक्याने फिरते, आणि काठोकाठ भरलेल्या पुंगळीतून दारू उडते. बोल्ट फार सैल ठेवला तरी पंचाईत : तबकडी डुगडुगते आणि टोपी तिरपी बसते. म्हणून जाणकार बोल्ट आधी पूर्ण आवळतात, मग तबकडी मोकळी पण न हलणारी फिरेल इतपतच मागे सोडतात आणि तेथेच अटकाव स्क्रूने पक्का करतात. खटक्याला हात लावण्याचे कारणच पडत नाही. दोन स्क्रू एकाच वेळी कधी फिरवू नयेत, मग दोष कोणत्या स्क्रूने गेला (किंवा आला!) ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

गोळी किती खोल बसवायची, याचीही एक गंमत आहे. एकच पुंगळी तबकडीवर ठेवून साचा लावला आणि काडतूस मापात आले, म्हणून खूश होऊन कामाला लागावे, तर पुढची काडतुसे किंचित लांब भरू लागतात. साचा सरकलेला नसतो. सगळी घरे भरली की सर्व साच्यांचा भार एकदम येतो आणि यंत्राचा माथा केसाएवढा वर लवतो. म्हणून अखेरचे माप तबकडी पूर्ण भरलेली असतानाच घ्यावे लागते. एकट्याने केलेली तालीम आणि भरलेले नाट्यगृह यांत जो फरक, तोच हा!

पुंगळ्यांची निवड हे कंटाळवाणे काम, आणि म्हणूनच बरेचसे बिघाड तेथून येतात. टोपीच्या दोन पद्धती आहेत. एकीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एक छिद्र असते, दुसरीत बाजूला दोन बारीक छिद्रे. पहिली इंग्रज अधिकारी बॉक्सरची, दुसरी अमेरिकन बर्डनची. पण अमेरिकेने इंग्रजाची पद्धत उचलली आणि युरोपात अमेरिकनाची रुजली! बर्डनची पुंगळी चुकून यंत्रात शिरली की जुनी टोपी पाडणारी सुई मोडलीच म्हणून समजा. पॉइंट फोर फाइव्हच्या पिस्तुलाच्या पुंगळ्यांत मोठ्या टोपीच्या आणि छोट्या टोपीच्या अशा दोन जाती मिसळलेल्या असतात, आणि वरून त्या सारख्याच दिसतात. लष्करी पुंगळीत टोपीभोवतीचे पितळ ठासलेले असते. ते साफ केल्याशिवाय नवी टोपी आत जात नाही. या सर्व वेळी दांडा हाताला एकदम जड लागतो. तेथेच थांबले पाहिजे. टोपी ही दाबानेच पेटण्यासाठी जन्मलेली वस्तू आहे, आणि शेजारच्या नळीत तिच्या शंभर बहिणी उभ्या असतात. जोर लावणारा मनुष्य शूर नव्हे, अडाणी. डोळ्यांना चष्मा हवाच, मग नजर कितीही चांगली असो.

पण सर्वांत मोठा धोका मुळीच जड लागत नाही. तो निमूटपणे येतो. दांडा अर्ध्यावर थांबला, टोपी तिरपी दिसली, दांडा मागे घेतला, पुन्हा ओढला, आणि त्याच पुंगळीत दारू दुसऱ्यांदा पडली. काही यंत्रांत तबकडी आपोआप फिरत नाही, अंगठ्याने फिरवावी लागते. मुलगा हाक मारतो, टेलिफोन वाजतो, आणि फिरवायची राहून जाते. दुप्पट दारूचे काडतूस पिस्तूल फोडू शकते. उलट दारू अजिबात न पडलेले काडतूसही गरीब समजू नये. नुसत्या टोपीच्या धक्क्याने गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते, 'फुस्स' असा आवाज होतो, आणि त्यामागून दुसरी गोळी झाडली की नळी फुगते किंवा फाटते. दोन्ही वेळी पिस्तूल त्याच गृहस्थाच्या हातात असते.

म्हणून कामाच्या मेजावर दारूचा एकच डबा ठेवतात, दुसरा कपाटात. दुप्पट पडली तर पुंगळीतून ओसंडेल अशी फुगीर दारू पसंत करतात. तपासणीच्या घरात एक दांडी दारूच्या पातळीवर टेकते आणि कमीजास्त होताच भोंगा वाजतो. तरीही यंत्रावर एक छोटा दिवा लावून प्रत्येक पुंगळीत डोकावणारेच अधिक शहाणे, असे आमचे मत आहे. भोंगा बिघडू शकतो. दहा-वीस ओढींनंतर एक माप काट्यावर तोलले जाते. दांडा प्रत्येक वेळी सारख्याच गतीने ओढावा लागतो, कारण झटका बसला की दारू मापात निराळी बसते. काम मध्येच थांबले तर तबकडीवरच्या सगळ्या पुंगळ्या उतरवतात, दारू परत डब्यात ओततात आणि पहिल्या घरापासून आरंभ करतात. आठवून पुढे जात नाहीत.

तयार काडतूस एका पोलादी मापात टाकून पाहतात; ते आपल्या वजनाने खाली गेले पाहिजे आणि उलटे करताच बाहेर पडले पाहिजे. मग पन्नासांची पेटी, बुडे वर करून. शेवटी मालक सर्व बुडांवरून तर्जनी हलकेच फिरवतो, आणि ज्या टोपीचा उंचवटा बोटाला लागेल ते काडतूस उचलून बाजूला ठेवतो.