आठ कलांचा फरक

आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ओळीने तसबिरी होत्या. न्यूटन, केप्लर, मादाम क्युरी, रामन. त्यांच्या डोळ्यांदेखत, खाली टेबलांवर, आम्ही रीडिंग 'कुक' करत होतो.

१९७८ साल. थिअरीचे तास नुसते उतरवून घेण्यात जात. सरांनी डस्टर उचलले की मागच्या बाकांवरून 'सर, सर' असा केविलवाणा आवाज उठे. त्या मानाने प्रॅक्टिकल बरे वाटायचे. उत्तर आधीच ठाऊक असे ना!

लंबकाचा प्रयोग होता. पन्नास झोके मोजायचे, स्टॉपवॉच बघायचे, गुरुत्वत्वरण काढायचे. पुस्तकात ९८०. माझे आणि टेबलावरच्या जोडीदाराचे आले १०१९. मी उत्तरावरून उलटे गणित मांडले, वेळेत दोन सेकंद वाढवले, सही घेतली. जोडीदाराने १०१९च लिहिले आणि खाली एक ओळ टाकली : फरकाचे कारण सापडले नाही. त्याचे जर्नल लाल शेऱ्यासह परत आले, वर्गात हशा पिकला. हसणाऱ्यांत मीही होतो. पुढच्या वर्षी त्याने विज्ञान सोडले.

आता भिंतीवरच्या केप्लरने काय केले होते ते पाहा. टायको ब्राहेने दुर्बिणीशिवाय घेतलेली मंगळाची निरीक्षणे त्याच्या हाती होती. वर्तुळाकार कक्षा धरून त्याने मोठ्या कष्टाने गणित बसवले, तरी फरक उरला आठ कलांचा. पौर्णिमेचे चंद्रबिंब साधारण तीस कलांचे. त्याच्या जेमतेम पाव भागाएवढा. दुसऱ्या कुणी तो निरीक्षकाच्या माथी मारला असता. केप्लरचा टायकोच्या नजरेवर विश्वास होता. त्याने स्वतःचे गणितच मोडीत काढले. मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे सांगणारा त्याचा ग्रंथ १६०९ मध्ये निघाला.

हे मला कॉलेजात कुणी सांगितले नाही. शिकवले ते बँकेने. १९८२ साली चिकटलो. महिनाअखेरीला लेजरे जुळवताना दहा पैशांचा फरक असला तरी घरी जायची सोय नसे. पदरचे दहा पैसे घालणे हा गुन्हा! फरकाला नऊने भाग गेला, तर कुणीतरी पंचेचाळीसचे चोपन्न केले असावे, असे जुने हेडक्लार्क सांगत. फरक स्वतःच पत्ता सांगतो म्हणायचे.

अशाच एका रात्री व्हाउचर मोजता मोजता मला तो लंबक आठवला. गोळा सोडताना आम्ही 'एक' म्हणालो होतो. म्हणायला हवे होते 'शून्य'. पन्नास म्हणेपर्यंत झोके एकोणपन्नासच झाले होते! एकोणपन्नासने भागले की उत्तर ९८०च्या अगदी जवळ येते. आणि गंमत म्हणजे ९८० हा आकडाही ठोकळच. मुंबईत गुरुत्वत्वरण भरते सुमारे ९७८.६.

म्हणून शाळा-कॉलेजांकडे माझे एकच मागणे आहे. प्रॅक्टिकलच्या उत्तराला गुण देऊ नका. फरक किती आला आणि तो कुठे कुठे शोधला, याला द्या. निदान 'कारण सापडले नाही' असे लिहिणाऱ्या पोराला हसू तरी नका.

जोडीदाराचा पत्ता आज माझ्यापाशी नाही. माझे जर्नल मात्र माळ्यावर सापडले. त्या पानावर दहापैकी नऊ आहेत.