कॉकपिटमधील आणीबाणी

विमान हे धनिकांचे वाहन. त्याच्या कॉकपिटमध्ये काय चालते याच्याशी येलदरीच्या शेतकऱ्याला काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर मराठवाड्याच्याच मातीत मिळते. २६ एप्रिल १९९३ रोजी भर दुपारी तेव्हाच्या औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ मुंबईकडे निघाले. धावपट्टीच्या टोकापलीकडून जाणाऱ्या बीड रस्त्यावर त्याच क्षणी कापसाच्या गाठींनी लादलेला ट्रक आला. विमान त्याला धडकले, पुढे वीजवाहक तारांत सापडले आणि कोसळले. ११८ पैकी ५५ माणसे प्राणांस मुकली. चौकशीत दोन दोष निघाले. वैमानिकांनी विमान उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचलले, हा एक. आणि राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरील वाहतूक रोखली नव्हती, हा दुसरा. पहिल्या दोषाला चेहरा असतो, म्हणून तो लोकांच्या ध्यानात राहतो. दुसरा कचेरीत जन्मतो आणि फायलीतच विरतो.

आणीबाणी हा शब्द आमच्या पिढ्यांनी १९७५ साली अनुभवला. एकाचा शब्द अखेरचा आणि बाकी साऱ्यांची तोंडे बंद, असा त्याचा अर्थ तेव्हा होता. संकट आले की सत्ता एकाच मुठीत असावी, ही समजूत आजही सुशिक्षितांत रुजलेली आहे. कॉकपिटमधील आणीबाणीचा अनुभव मात्र नेमका उलट आहे, आणि तो शेकडो प्राणांचे मोल देऊन मिळालेला आहे.

तेथील रीत साधी आहे. काहीही बिघडले तरी प्रथम विमान हाती ठेवायचे, मग दिशा सांभाळायची, जमिनीवरील नियंत्रकाशी बोलणे त्यानंतर. दोघांपैकी एकाने विमान उडवायचे. दुसऱ्याने लक्ष ठेवायचे आणि चेकलिस्ट वाचायची. हवेचा दाब गेला तर आधी स्वतःचा ऑक्सिजनचा मुखवटा चढवायचा, अशा मोजक्याच कृती पाठ असाव्या लागतात. बाकी सारे छापील पुस्तिकेतून मोठ्याने वाचून करायचे. बंद पडलेल्या इंजिनाची तरफ मागे ओढण्यापूर्वी एकाने तिच्यावर हात ठेवून विचारायचे आणि दुसऱ्याने ‘बरोबर’ म्हणायचे. हा उपचार नव्हे. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेई येथे एक इंजिन निकामी झाले असता कॅप्टनने घाईत चालू असलेलेच इंजिन बंद केले. ४३ माणसे मेली. चेकलिस्टची प्रथाही अशाच एका अपघातातून आली. १९३५ साली अमेरिकेत बोइंगचे नवे बाँबफेकी विमान चाचणीत कोसळले, कारण त्याच्या सुकाणूंचे कुलूप काढायचे राहून गेले होते. चालवणारे अननुभवी नव्हते. अनुभवी माणूसही विसरतो, हे मान्य करण्यातून ती यादी जन्मली.

पण यादी पुरत नाही. १ जानेवारी १९७८ रोजी रात्री सांताक्रूझहून निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले आणि २१३ जण बुडाले. विमान कोणत्या बाजूला कलले आहे हे दाखवणारे कॅप्टनपुढील उपकरण बिघडले होते. तेच दाखवणारे दुसरे उपकरण सहवैमानिकापुढे होते. त्याकडे लक्ष वेधले गेले तेव्हा वेळ उरली नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेतील पोर्टलंड येथे चाकांच्या बिघाडात कॅप्टन इतका गुंतला की इंधन संपल्याने विमान पडले. सहकाऱ्यांना ते दिसत होते, पण ठामपणे बजावण्याची सवय नव्हती. १९७९ साली नासाने याचा विचार करण्यासाठी तज्ज्ञ बोलावले आणि कॉकपिटमधील माणसांनी एकमेकांशी कसे वागावे याचे रीतसर शिक्षण सुरू झाले. कनिष्ठाने स्पष्ट बोलायचे आणि वरिष्ठाने ऐकायचे, हे त्याचे सार.

यात कॅप्टनचा अधिकार संपत नाही. अखेरचा निर्णय त्याचाच असतो. मात्र सर्वांचे ऐकून घेतलेला निर्णय अधिक टिकतो. १९८९ साली अमेरिकेतील सू सिटी येथे सुकाणू चालवणारी संपूर्ण यंत्रणा निकामी झालेले विमान कॅप्टनने प्रवाशांत बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकालाही मदतीस घेऊन, केवळ इंजिनांच्या जोरावर धावपट्टीपर्यंत आणले. २९६ पैकी १८४ जण वाचले. आणि मंगळूरला २२ मे २०१० रोजी सहवैमानिकाने ‘पुन्हा वर घ्या’ असे तीनदा सुचवूनही कॅप्टनने उतरण्याचाच हट्ट धरला. १५८ माणसे गेली. हाच कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपला होता, असे चौकशीत दिसले.

झोपेचा हा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वैमानिकाची दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर परीक्षा होते. तेथे इंजिने पेटतात, यंत्रणा बंद पडतात. पण ती परीक्षा ताज्या मेंदूची असते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ साली साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या उतरण्यांवर मर्यादा घातली. नियम अमलात आले तेव्हा, डिसेंबर २०२५ मध्ये, देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची, इंडिगोची, हजारो उड्डाणे रद्द झाली, कारण वैमानिकांची पुरेशी तरतूदच नव्हती. सरकारने कंपनीला तात्पुरती सवलत दिली. म्हणजे तयारी केली नाही मालकाने आणि विश्रांती सोडावी कामगाराने! उद्या याच थकव्यात चूक झाली तर अहवालात नाव मात्र वैमानिकाचे येईल. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला २६० जणांचा बळी गेल्यावर, चौकशी पुरी होण्याआधीच मृत वैमानिकांकडे बोट दाखवण्याची जी अहमहमिका लागली, ती याच वृत्तीची.

येलदरीच्या वाचकाने हे सारे आपल्या धरणाशी ताडून पाहावे. पूर्णेला पूर येतो तेव्हा दरवाजे किती आणि केव्हा उघडायचे हाही आणीबाणीचाच निर्णय असतो. सोडलेले पाणी आधी सिद्धेश्वर धरणात आणि तेथून नदीकाठच्या गावांकडे जाते. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांसाठी आपत्कालीन कृती आराखडा सक्तीचा केला आहे. तो कपाटात राहिला तर व्यर्थ. तो मराठीत गावोगाव पोचावा, पावसाळ्यापूर्वी त्याची रंगीत तालीम व्हावी, आणि दरवाज्यावरच्या शेवटच्या कर्मचाऱ्याला रात्री दोन वाजता अभियंत्याला उठवून ‘साहेब, पाणी वाढते आहे’ असे निर्भयपणे सांगता यावे. वैमानिकांना पुरेशी झोप आणि सहवैमानिकाला पुरेसा आवाज, या मागणीपेक्षा ही मागणी वेगळी नाही.