आजोबाचा कागद आणा !

सरकारी नोकरीच्या राखीव जागेवर आपला मुलगा निवडला गेला, तरी काम भागत नाहीं. जातीच्या दाखल्यावर पडताळणी समितीचें वैधता प्रमाणपत्र पाहिजे. 2001 पासून कायदाच तसा आहे, आणि पुराव्याचा सारा भार त्यानें अर्जदाराच्या डोक्यावर ठेविला आहे.

पुरावा कसला? कुंभार, न्हावी, परीट अशा इतर मागास जातींकडे 13 आक्टोबर 1967 पूर्वींचा, भटक्या-विमुक्तांकडे 21 नोव्हेंबर 1961 पूर्वींचा कागद मागतात ! मी गांवचा मास्तर; शाळेचें जुनें दाखल-खारीज रजिस्टर माझ्याच हवालीं. नातवंडें येतात, पानें उलटतात. आजा तेव्हां चाकावर बसलेला, त्याचें नांव पटावर यावें कोठून? घरांत लेखणी नव्हती म्हणून तर जागा राखीव झाली. आणि आतां त्याच लेखणीची खूण दाखवा म्हणतात.

खोटे दाखले काढणारे लुच्चे आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. त्यांची नोकरी टिकणार नाहीं असें सर्वोच्च न्यायालयानें 2017 सालीं सांगितलें, तें योग्यच झालें. पण चोरापायीं साऱ्या गांवाची झडती कां? बापाला वैधता मिळाली असतां मुलाला पुन्हां जिल्ह्याचे हेलपाटे कां?

कोतवालबुकें आणि शाळांचीं रजिस्टरें सरकारचींच आहेत. सरकारच्या कारकुनानें तीं धुंडाळावींत, आणि तोंवर पोराची नेमणूक अडवूं नये.