जमिनीवर उभे असताना

विमान कंपन्यांच्या धंद्याला मंदी नवी नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरची विमाने उभी राहिली, १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजचे शेवटचे उड्डाण झाले, आणि २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमानसेवाच बंद होती. अशा प्रत्येक वेळी नोकरी गेलेल्यांची चर्चा होते, ती योग्यच आहे. परंतु ज्यांच्या हाती नुकताच परवाना पडलेला असतो आणि ज्यांना अद्याप कोणत्याही कंपनीची पायरी चढायची असते, त्यांची अवस्था अधिक बिकट असते. त्यांना अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव वाढत नाही.

नाशिकमधल्या व्यापारी जैन घरांत हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. एके काळी मुलगा पेढीवर बसे किंवा सी.ए. होई; आज एखाद्या घरचा मुलगा, एखाद्या घरची मुलगी वैमानिक होण्यासाठी बाहेर पडते. लाखो रुपयांचा खर्च होतो, बहुधा कर्ज काढून. परवाना मिळतो आणि नेमकी त्याच वर्षी भरती थांबते. मग घरातली वडीलधारी माणसे सांगतात, ‘तोवर दुकान सांभाळ.’ सल्ला शहाणपणाचा आहे. सराफ बाजारातल्या गल्ल्यावर बसण्यात कमीपणा कसला? अडचण एवढीच की वैमानिकाचा परवाना पदवीच्या प्रमाणपत्रासारखा चौकटीत घालून भिंतीवर टांगून ठेवता येत नाही. तो वापराविना निरुपयोगी होत जातो.

खासगी परवान्यासाठी आपल्याकडे किमान ४० तासांचे उड्डाण लागते, व्यावसायिक परवान्यासाठी २००. त्यांपैकी १०० तास विमानाची संपूर्ण जबाबदारी स्वतःकडे घेऊन केलेले असावे लागतात. जगभर बहुतेक देशांनी मान्य केलेला दंडक असा की मागील ९० दिवसांत किमान तीन वेळा विमान उडवून उतरवले नसेल, तर वैमानिकाने प्रवासी घेऊन उडू नये. हा आकडा अर्थातच किमान आहे. तीन महिन्यांत तीनदा विमान उतरवणारा नियमात बसतो. तो सफाईदार असतोच असे नाही.

गंजते नेमके काय? विमान सरळ उडवणे माणूस सहसा विसरत नाही; सायकलसारखे ते अंगात मुरते. विसरतो तो उतरण्याचा अंदाज. चाके धावपट्टीला टेकण्याआधीच्या काही क्षणांत विमानाचे नाक हलकेच वर घ्यावे लागते. ते लवकर घेतले तर विमान अधांतरी तरंगत राहते आणि मग धपकन आदळते. उशिरा घेतले तर पुढचे चाक आधी टेकते. किती उंचीवर आणि किती हळू, हे कोणत्याही पुस्तकात नेमके सांगता येत नाही. ते डोळ्यांना आणि हाताला कळते, आणि काही महिने खंड पडला की हेच ज्ञान सर्वांत आधी नाहीसे होते. बाजूचा वारा असेल तर परीक्षा आणखी कठीण. दुसरी गंजणारी गोष्ट म्हणजे लक्षाची विभागणी: एकाच वेळी वेग, उंची, दिशा, इंजिनाचे तापमान आणि नियंत्रण कक्षाचा आवाज यांचे भान ठेवणे. सराव तुटलेला वैमानिक एका यंत्रावर नजर खिळवतो आणि बाकीची निसटतात. चिंतेची गोष्ट अशी की त्याला स्वतःला हे जाणवत नाही. जैन परंपरेत प्रमाद हा शब्द केवळ आळसासाठी नाही, सावधानता सुटण्यासाठीही आहे. वैमानिकाच्या बाबतीत दुसरा अर्थच अधिक घातक ठरतो.

यावर उपाय सगळेच महाग नाहीत. जुने प्रशिक्षक विद्यार्थ्याला खुर्चीवर बसून उडायला लावत. समोर कॉकपिटचे चित्र, डोळे मिटलेले, आणि इंजिन सुरू करण्यापासून ते बंद करण्यापर्यंत प्रत्येक कृती हाताने व तोंडाने क्रमवार करायची. इंजिन बंद पडले तर काय, दार उघडे राहिले तर काय, हेही त्यात येते. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. पैकी आम्नाय म्हणजे शुद्ध उच्चाराने केलेली पुन्हा पुन्हा घोकणी. ज्या घरात लहानपणी प्रतिक्रमणाची सूत्रे अशा रीतीने पाठ करून घेतली गेली, त्या घरच्या मुलाला हा सराव वेगळा शिकवावा लागू नये. सामायिकाला लागतात तेवढी ४८ मिनिटे रोज मिळाली तरी पुष्कळ आहेत. संगणकावरच्या उड्डाणाचा उपयोग यंत्रे वाचण्यासाठी आणि मार्ग आखण्यासाठी होतो. उतरण्याचा अंदाज मात्र त्यावर येत नाही, उलट कधी कधी चुकीच्या सवयी लागतात.

प्रत्यक्ष उड्डाणासाठी नाशिककराला फार दूर जावे लागत नाही. ओझरची धावपट्टी हिंदुस्थान एरोनॉटिक्सची आणि गांधीनगरचे मैदान सैन्याचे. तिथे हौशी वैमानिकाचे काम नाही. पण आग्रा रस्त्याने धुळ्याला गेले की तिथे १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण चालते, आणि पुढे शिरपूरलाही उड्डाणशाळा आहे. मुंबईत इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेले विमान २०२० च्या मंदीतच धुळ्याच्या धावपट्टीवरून उडाले. ओझरचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट जाता जाता सांगायला हवी. १९४० च्या डिसेंबरात बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना केली ती सोलापूरच्या जैन घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांनी, म्हणजे ज्यांनी १९३३ मध्ये मालेगाव तालुक्यात रावळगावचा साखर कारखाना उभारला त्यांनीच. १९६४ मध्ये ती कंपनी आणि मिग विमानांसाठी काढलेली कंपनी एकत्र होऊन आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली. विमानाचा धंदा आपल्या समाजाचा नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

भाड्याच्या विमानाचा खर्च झेपत नसेल तर पुण्याच्या हडपसरला सरकारी ग्लायडिंग केंद्र आहे. ग्लायडरला इंजिन नसते. विंचच्या तारेने ओढून ते वर सोडतात आणि पुढे वैमानिकाने हवेच्या आधारानेच खाली यायचे असते. एकदा चुकले तर पुन्हा वर जाण्याची सोय नाही, म्हणून अंदाज फार चोख होतो. ही केवळ हौस नव्हे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या एका बोइंग ७६७ विमानातले इंधन ४१,००० फूट उंचीवर संपले. कारण व्यापाऱ्यालाच नीट कळेल असे होते: देश पौंडाकडून किलोकडे वळत होता, हवे होते २२,३०० किलो आणि हिशेबातल्या चुकीच्या मापामुळे भरले गेले तितके पौंड, म्हणजे निम्म्याहूनही कमी. वजनाच्या मापाने इतका मोठा घोटाळा क्वचितच केला असेल. दोन्ही इंजिने बंद पडली. कॅप्टन बॉब पिअर्सन हे ग्लायडर चालवण्यात मुरलेले होते. गिमली येथील सोडून दिलेल्या हवाई तळाशी विमान पोहोचले तेव्हा ते फार उंचावर होते. पिअर्सन यांनी ते तिरके घसरवत उंची कमी केली. ही युक्ती ग्लायडरवाल्यांच्या रोजच्या वापरातली, मोठ्या प्रवासी विमानात कोणी करीत नाही. विमानातले सर्व ६९ जण वाचले.

मंदीत आणखी एक मोह येतो आणि त्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. व्यावसायिक परवान्याच्या नूतनीकरणाला अलीकडच्या उड्डाणांचा पुरावा लागतो. विमान भाड्याने घेण्यापेक्षा लॉगबुकात दोन ओळी लिहिणे स्वस्त. २०११ मध्ये देशात बनावट गुणपत्रिका आणि न केलेल्या उड्डाणांच्या नोंदी यांवर परवाने मिळवल्याची प्रकरणे उघडकीस आली. वैमानिकांना आणि त्यांना मदत करणाऱ्यांना अटकही झाली. लॉगबुक ही वैमानिकाची रोजमेळ वही आहे. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटे लेख तयार करणे, हा दोष स्वतंत्रपणे सांगितला आहे, आणि तो सांगताना व्यापारी वहीच डोळ्यांसमोर असावी. इथे मात्र खोट्या नोंदीची भरपाई पैशात होत नाही. त्या नोंदीवर विश्वास ठेवून उद्या दीडशे-पावणेदोनशे माणसे मागे बसणार असतात. मुलाने पैशांची ओढाताण सांगितली आणि कोणी ‘सोयीचा’ मार्ग सुचवला, तर घरच्यांनी परवाना काही काळ स्थगित राहू द्यावा. संपलेला परवाना पुन्हा मिळवता येतो.

जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. कराचीहून मुंबईला टपाल घेऊन ते उडाले ते १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जागतिक महामंदीच्या ऐन काळात. १९८२ मध्ये त्याच तारखेला, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी तेच उड्डाण जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा केले. मधली पन्नास वर्षे उद्योगाचा एवढा व्याप असूनही त्यांचा सराव तुटला नव्हता, म्हणूनच ते जमले.

घरातल्या वैमानिकासाठी खर्चाची तरतूद करायची तर नूतनीकरणाच्या तोंडावर दहा तास एका आठवड्यात उरकण्यापेक्षा दरमहा एक तास केव्हाही बरा. पैसा तेवढाच लागतो. चातुर्मासात ढग खाली असतात, उड्डाणे वारंवार रद्द होतात. ते चार महिने अभ्यासाला, हवामानशास्त्राला आणि खुर्चीवरच्या सरावाला द्यावेत, आणि वैद्यकीय तपासणीही त्यातच उरकून घ्यावी. कार्तिकी पौर्णिमेनंतर साधू-साध्वींचा विहार सुरू होतो, त्याच सुमारास खानदेशातले आकाशही निवळलेले असते. सकाळी वारा उठण्याआधी धुळ्याला पोहोचावे, आणि खंडानंतरचे पहिले उड्डाण प्रशिक्षकाला शेजारी बसवूनच करावे, परवाना तसे सांगत नसला तरी.