गरजवंताची बाजारपेठ

‘गरजवंताला अक्कल नसते’ ही म्हण मराठी समाज पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आला आहे. तिच्यात दोष दिला जातो तो गरजवंताला, समोर बसलेल्या विक्रेत्याला नव्हे, हे सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही. आधुनिक विक्रीशास्त्राने मात्र या म्हणीचा मथितार्थ अचूक हेरला आहे. ज्याची अडचण निकडीची, तो ग्राहक सर्वांत उत्तम. तो घासाघीस करीत नाही, चार दुकाने फिरत नाही, ‘उद्या येतो’ म्हणून उठून जात नाही, हा त्या शास्त्राचा पहिला धडा होय.

निकड भागविणे हा अर्थातच गुन्हा नव्हे. मध्यरात्री दुकान उघडे ठेवणारा औषधविक्रेता किंवा हाकेसरशी धावून येणारा रुग्णवाहिकेचा चालक समाजाच्या उपयोगीच पडतो आणि त्याच्या श्रमाचे मोल त्याला मिळालेच पाहिजे. प्रश्न इतकाच आहे, की हे मोल ठरते कशावरून? श्रम आणि खर्च यांवरून, की समोरच्याच्या अगतिकतेवरून?

पुणे शहराने याचे उत्तर एप्रिल २०२१ मध्ये पाहिले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णांचे नातेवाईक डॉक्टरांची चिठ्ठी हाती घेऊन रेमडेसिविरसाठी औषधांच्या दुकानांपुढे तासन्‌तास उभे होते. या औषधाने मृत्यू टळत असल्याचा पुरावा नाही, सबब रुग्णालयात दाखल असलेल्यांना ते देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितले होते. सौम्य आजाराच्या, परंतु धोका अधिक असलेल्या रुग्णांपुरती ही भूमिका बदलली ती २०२२ मध्ये. पण ज्याचा बाप खाटेवर धापा टाकीत आहे, त्या मुलाने हा वाद कोणत्या घटकेला वाचावयाचा? शंभर मिलिग्रॅमच्या कुपीची छापील किंमत कंपनीगणिक २८०० ते ५४०० रुपये होती. केंद्र सरकारने हस्तक्षेप करताच त्याच महिन्यात ती ८९९ ते ३४९० रुपयांवर आली. एका कंपनीचा भाव २८०० वरून एकदम ८९९ वर उतरू शकतो, याचा अर्थ आधीच्या किमतीत औषधाचे मोल किती आणि अगतिकतेचे किती, हे वाचकांनीच ताडावे.

अर्थशास्त्रात अशा मागणीला अलवचीक मागणी म्हणतात. भाव वाढला तरी ती घटत नाही. शिवाय उपचारांच्या बाजारात वस्तू निवडतो डॉक्टर, भोगतो रुग्ण आणि पैसे मोजतो नातेवाईक. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते, की आजार कधी येईल आणि उपचार कितपत लागू पडेल याची अनिश्चितता असलेल्या या क्षेत्रात सामान्य बाजाराचे नियम पुरे पडत नाहीत. ज्याला ‘नको’ म्हणण्याची सोय आहे, तोच ग्राहक. ज्याला ती नाही, त्याला ग्राहक म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे.

भाव चढू दिला म्हणजे पुरवठा वाढतो, हा मुक्त बाजाराच्या पुरस्कर्त्यांचा आक्षेप निखालस खोटा नाही. परंतु त्याला वेळ लागतो आणि निकडीच्या माणसापाशी नेमकी वेळच नसते. औषध तयार होऊन बाजारात येण्यास आठवडे लागतात. तोवर चढा भाव एकच काम करतो, आहे तो साठा गरजेनुसार न वाटता ऐपतीनुसार वाटतो. त्याचबरोबर नुसत्या दरनियंत्रणाची मर्यादाही मान्य केली पाहिजे. छापील किंमत उतरली, पण साठाच नसल्याने काळा बाजार चालूच राहिला आणि पोलिसांना अटकसत्र करावे लागले. पुण्यात इंजेक्शनांचे वाटप दुकानांऐवजी थेट रुग्णालयांकडे वळवावे लागले, ते याचसाठी. दरनियंत्रणाला सार्वजनिक वितरणाची जोड नसेल, तर ते कागदावरच राहते.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बॅरे आजाराचा उद्रेक झाला, तेव्हा हाच धडा पुन्हा गिरवावा लागला. या आजारावरील इम्युनोग्लोब्युलिनची मात्रा सर्वसाधारणपणे वजनाच्या दर किलोस दोन ग्रॅम असते. साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या २४ कुप्या लागतात आणि एकेका कुपीची किंमत हजारो रुपये असते. महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात मोफत उपचारांची घोषणा झाली, ती स्वागतार्हच होती. पण आजाराचा माग दूषित पाण्यापर्यंत जात होता. नांदेड आणि किरकटवाडी ही गावे २०२१ मध्ये पालिकेच्या हद्दीत आली. शुद्ध पाण्याची शाश्वती मात्र त्यांच्यापाठोपाठ आली नाही. नळावरचा विश्वास उडालेल्यांना पाणी विकणारी काही खासगी शुद्धीकरण केंद्रेही तपासणीत सदोष आढळली आणि पालिकेला ती बंद करावी लागली. म्हणजे आधी निकड निर्माण झाली ती सार्वजनिक हलगर्जीतून आणि तिच्यावर खासगी इलाज म्हणून जे विकले गेले, तेही अशुद्धच निघाले!

पुणे जिल्ह्याला ही कथा नवी नाही. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, तेही निकडीच्याच व्यवहाराचे कागद होते. साऱ्याचा हप्ता दारात उभा असताना घातलेला अंगठा हा राजीखुशीचा करार कसा? १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. त्याआधीच १८७२ च्या करार कायद्याच्या सोळाव्या कलमाने आजार वा क्लेश यांमुळे मन दुबळे झालेल्या माणसाची संमती निर्दोष मानण्यास नकार दिला होता. म्हणीने गरजवंताला दोष दिला. कायद्याने, निदान तत्त्वतः, त्याच्यासमोरच्या बलवानावर जबाबदारी टाकली. पुढे १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांचा मार्ग खुला केला. सावकाराच्या ओसरीवर जाण्याची पाळीच येऊ नये, हा त्यामागचा विचार होता आणि तोच आजही मार्गदर्शक आहे.

निकडीच्या घटकेला सौदा न्याय्य होऊ शकत नाही. तो त्या घटकेपूर्वीच ठरलेला असला पाहिजे. मे २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी कोरोनाच्या उपचारांचे दर बांधले: साध्या खाटेस दिवसाला ४०००, अतिदक्षता विभागात ७५०० आणि व्हेंटिलेटरसह ९००० रुपये. महामारीत जे शक्य झाले, ते एरवी अशक्य का मानावे? जानेवारी २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनी निवडक सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावणे बंधनकारक केले आहे. आपल्या प्रभागातील किती रुग्णालयांत हा फलक खरोखर लागला आहे, याची पाहणी कार्यकर्त्यांनी करावी आणि जेथे नाही तेथे पालिकेच्या आरोग्य खात्याला लेखी जाब विचारावा. फलक मागण्यासाठी आजारी पडण्याची वाट पाहावी लागत नाही. आणि फलकाने भागणारही नाही. पालिकेच्या रुग्णालयांत पुरेसे डॉक्टर आणि औषधे, तसेच समाविष्ट गावांच्या नळाला शुद्ध पाणी, या मागण्या अंदाजपत्रकात तरतूद होईपर्यंत लावून धरल्या पाहिजेत.

गरजवंताला अक्कल नसते, हे खरेच असेल, तर त्याच्या वतीने ती आधीच वापरून ठेवणे हे समाजाचे कर्तव्य ठरते. ते टाळणाऱ्या समाजाला नफेखोराच्या नावाने बोटे मोडण्याचा अधिकार उरत नाही.