पाठीवरचे चार किलो



हिवाळा लागला की आमच्याकडे पालकांचा एक प्रश्न हमखास येतो. पोरगा मित्रांबरोबर डोंगरावर जायचे म्हणतो आणि मोबाईलवर वस्तू दाखवतो. घडी होणारी शेगडी, खिशात मावणारा तंबू, सूर्यप्रकाशावर चालणारा दिवा, बारा पात्यांचा चाकू, दोन झाडांना बांधायचा झोळणा. सगळे लहान, सगळे हलके आणि सगळे मिळून बापाच्या आठ-दहा दिवसांच्या मजुरीएवढे. घ्यावे की नाही?

उत्तर देण्याआधी आमची स्वतःची चूक सांगतो.

डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही बोरीतली चौदा मुले-मुली घेऊन कळसूबाईला निघालो होतो. परभणीहून रात्रीच्या गाडीने नाशिक रोड, तिथून घोटी, घोटीहून पायथ्याचे बारी गाव. इगतपुरीला जाऊन आलेल्या वाचकांना घोटी ठाऊक असेल. आमचा आयुष्यभराचा व्यवसाय कारकुनीचा, त्यामुळे यादी केल्याशिवाय आम्हाला पाऊल उचलवत नाही. कुणाच्या तरी मोबाईलवरून उतरवून आम्ही अठरा वस्तूंची यादी केली, तिच्या झेरॉक्स काढल्या आणि घरोघर वाटल्या. आपण मोठे नियोजन केले असे वाटले.

चौथ्या दिवशी नववीतल्या एका मुलीने निरोप पाठवला, "काका, मला नाही जमायचं." अभ्यासाचे कारण सांगितले. आम्ही घरी गेलो तेव्हा तिची आई आमचाच कागद हातात घेऊन बसली होती. म्हणाली, "भाऊ, ह्यातलं निम्मं काय असतं तेच मला कळंना. आन् जे कळलं ते परवडंना. चार पोरींत हिच्याकडंच नसलं तर हिनं कशाला जावं?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. सहलीची वर्गणी आम्ही कमीत कमी ठेवली होती, ज्यांना जमत नव्हती त्यांची इतरांनी भरली होती. पण यादीने जे दार बंद केले ते आमच्या ध्यानातच आले नव्हते.

त्याच संध्याकाळी आम्ही ओळखीच्या किराणा दुकानात गेलो. दुकानदाराचा इलेक्ट्रॉनिक काटा मागितला आणि यादीतल्या ज्या वस्तू मुलांनी आधीच आणल्या होत्या त्या एकेक करून त्यावर ठेवल्या. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात शाळकरी मुलाचे दप्तर त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे असे म्हटले आहे. तो नियम शाळेच्या वाटेसाठी आहे, डोंगराच्या वाटेला तर तो अधिकच लागू व्हावा. चाळीस किलोचे मूल धरले तर पाठीवर चार किलो. त्यातले दोन किलो म्हणजे दोन लिटर पाणी, ते कमी करता येत नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ मिळून पाऊण किलो. स्वेटर आणि चादर एक किलो. खाली उरले पाव किलो. सगळी उपकरणे या पाव किलोत बसवायची! आमच्या अठरा वस्तूंची बेरीज साडेचार किलो भरली. दुकानदार हसला. आम्हीही हसलो, पण जरा ओशाळून.

मग काट लावायला सुरुवात केली.

प्रकाश ठेवला. कळसूबाई १,६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. सूर्योदय वरून पाहायचा तर पहाटे अंधारात चढावे लागते आणि वाटेत कड्याला लोखंडी शिड्या आहेत. शिडीवर दोन्ही हात मोकळे हवेत. एका हातात मोबाईल धरून शिडी चढणारे पुष्कळ दिसतात, ते पाहून पोटात गोळा येतो. म्हणून हातातली बॅटरी नको, कपाळाला पट्ट्याने बांधायची हवी. शे-दीडशे ल्युमेन उजेड चालण्याला भरपूर होतो. खोक्यावर हजारांचे आकडे छापलेले असतात, त्यांना भुलू नये. तो झगझगाट खराच असला तरी काही मिनिटांचा असतो आणि समोरच्याचे डोळे दिपवतो. शक्यतो पेन्सिल सेलवर चालणारी घ्यावी, सेल गावोगाव मिळतात. पावसाच्या शिंतोड्यांना टिकेल असे, म्हणजे 'आयपीएक्स ४', खोक्यावर लिहिलेले पाहावे. आणि प्रवासात सेल काढून ठेवावेत, कारण पिशवीत बटण दाबले जाऊन बॅटरी रात्रभर जळते आणि डोंगरापाशी अंधार. हे आम्ही अनुभवाने सांगतो, कसे ते पुढे येईलच.

शेगडी काढली. लहान गॅसच्या डब्यावर बसणारी शेगडी दिसायला फार गोंडस, तळहातावर मावते. पण आपण परभणीची माणसे डोंगरापर्यंत रेल्वेने जाणार. रेल्वेत गॅसचा डबा, रॉकेल, स्टोव्ह नेण्यास बंदी आहे. रेल्वे कायदा १९८९, कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कायद्याची भीती बाजूला ठेवा. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या पर्यटकांच्या डब्यात आग लागली, नऊ माणसे गेली. डब्यात लपवून आणलेल्या सिलिंडरवर सकाळचा चहा करत होते. आमची सहल त्यानंतर चार महिन्यांनी होती, त्यामुळे यावर वाद झालाच नाही. शिवाय कळसूबाईचा डोंगर अभयारण्यात येतो, वाळलेल्या गवतात विस्तव कशाला हवा? बारीत घरगुती जेवण मिळते. पिठले-भाकरी करून देणाऱ्या बाईच्या हातात चार पैसे पडतात, ते शेगडीच्या कंपनीला देण्यापेक्षा बरे.

तंबूही काढला. दोन माणसांचा तंबू दोन-तीन किलोंचा असतो आणि बारीत ओसरी मिळते. जमिनीच्या गारव्यासाठी घडीची फोमची चटई हलकी पडते. खाली मेणकापड अंथरले तर घरची चादर पुरते. मात्र वाकळ नेऊ नये. आईच्या मायेची खरी, पण आमच्या काट्यावर एक वाकळ तीन किलो भरली.

पाण्याचे जरा सविस्तर सांगतो, कारण यात फसगत जास्त. तोंडाला लावून ओढायची नळीसारखी गाळणी हल्ली मिळते. तिच्यात पोकळ धाग्यांचा जुडगा असतो आणि त्याची छिद्रे साधारण ०.२ मायक्रॉनची असतात. जिवाणू त्यात अडकतात, पण कावीळ पसरवणारे विषाणू त्याहून फार लहान, ते पार होतात. क्लोरीनचे थेंब विषाणू मारतात, पण गढूळ पाण्यात नीट काम करीत नाहीत आणि टाकल्यावर अर्धा तास थांबावे लागते. म्हणजे आधी फडक्याने गाळा, मग थेंब, मग अर्धा तास. ग्रामपंचायतीत आणि आरोग्य उपकेंद्रात ज्यांचे येणे-जाणे आहे त्यांना हे थेंब नवे नाहीत. एक बाटली सगळ्यांना पुरते. आम्ही गाळणी घेतली नाही, थेंब घेतले. उकळलेले पाणी सर्वांत खात्रीचे, ते बारीतून निघतानाच भरून घेतले.

पॉवर बँक चौदा जणांत दोन. इथे आमचे बी.कॉम. कामाला आले. खोक्यावर १०,००० असा आकडा असतो, तो ढोबळ नफा समजावा. आतला सेल ३.७ व्होल्टचा, बाहेर देताना ५ व्होल्ट करावे लागतात, म्हणजे गणिताने ७,४०० राहिले. त्यातून उष्णतेची घट वजा जाता हाती सहा हजारांच्या आसपास पडतात. हा निव्वळ आकडा खोक्याच्या मागे 'रेटेड कपॅसिटी' म्हणून बारीक अक्षरांत असतो, तो वाचावा. बाकी मोबाईल विमान मोडवर ठेवला तर दीड-दोन दिवस सहज निघतात. नकाशा घरूनच उतरवून घेतला तर रेंज नसतानाही आपण कुठे आहोत ते मोबाईल दाखवतो.

आणि शिट्टी. आमच्या अठरा वस्तूंत ती नव्हतीच! किमतीने आणि वजनाने सर्वांत लहान, आणि हरवलेल्या माणसाचा आवाज बसला तरी ती वाजते. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचे, पुन्हा सहा. ही संकटाची खूण डोंगरात फिरणारे जगभर ओळखतात. चौदा शिट्ट्या आणल्या, प्रत्येकाच्या गळ्यात एक.

राहिला पैशांचा प्रश्न. मे २०१४ मध्ये तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातली मालावथ पूर्णा वयाच्या तेराव्या वर्षी एव्हरेस्टवर पोचली, तिच्यासोबत खम्मम भागातला आनंद कुमार. दोघेही समाजकल्याण निवासी शाळांचे विद्यार्थी. मे २०१८ मध्ये आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी मुले तिथेच उभी राहिली. यांपैकी कुणाच्या घरी बर्फातले बूट आणि दोर कपाटात पडलेले नव्हते. साहित्य सार्वजनिक पैशातून आले, पाय त्यांचे होते. मग आमच्या चौदा बॅटऱ्या चौदा घरांनी का विकत घ्याव्यात? आम्ही सर्वांच्या वर्गणीतून एक पेटी केली. आठ कपाळाच्या बॅटऱ्या, दोन पॉवर बँक, क्लोरीनचे थेंब, मलमपट्टी, मेणकापड. चालताना दोघांत एक बॅटरी आणि मागचा उजेड पुढच्याच्या पायाशी. ज्यांनी आधीच महागाच्या वस्तू घेतल्या होत्या त्यांना त्या घरी ठेवायला सांगितले. दोन मुले रुसली, त्यातला एक आमच्याच घरातला.

आता आमच्या बॅटरीचे. आम्ही पुढारी म्हणून स्वतःसाठी वेगळी, मोठ्या आकड्याची आणली होती. ती पिशवीत रात्रभर चालू राहिली असावी. दुसऱ्या शिडीच्या मध्यावर ती लाल झाली आणि विझली. खाली काळोख, हाताला गार लोखंड, पुढची पायरी दिसेना. वय चव्वेचाळीस, गुडघे त्याहून मोठे. तेवढ्यात पायाखाली उजेड आला आणि खालून आवाज आला, "काका, हालू नका. डावा पाय वर घ्या. आता उजवा." नववीतली ती मुलगी आमच्या मागेच होती. वर पोचेपर्यंत आम्ही तिच्या बॅटरीवर चाललो.

ती पेटी आता आमच्या घरी असते. शेजारच्या गावांतली मंडळेही नेतात. वहीत नोंद, परत करताना सेल काढलेले असले पाहिजेत, हरवले तर निम्मी किंमत. भाडे नाही. या जानेवारीत कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याला जायचे आहे. तिथे लेणी दरीत आहेत, आधी पायऱ्या उतरायच्या आणि दुपारी परत चढायच्या, त्यामुळे बॅटऱ्या कमी आणि पाणी जास्त न्यावे लागेल. वहीवर सध्या एक बॅटरी आणि थेंबांची बाटली येणे दिसते. ज्यांच्याकडे असेल त्यांनी पौष पौर्णिमेपर्यंत पोचती करावी.